उरकुडे सरांचे कागदी पूल

उरकुडे सर पुलावरून बसून जात नाहीत. गाडी एसटीची असो, वरातीची असो की मयताची, पूल आला की सर उतरतात. आधी बाजूच्या उताराने खाली जातात, वाकून पुलाचं पोट बघतात, मग वर येऊन पूल पायी ओलांडतात आणि पलीकडे उभे राहून हात दाखवतात. म्हणजे आता तुम्ही या. वैनगंगेवरचा लांबलचक पूल आणि धानाच्या बांध्यांमधली दोन नळांची मोरी त्यांच्या लेखी सारखीच. चंद्रपूरहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर किती मोऱ्या आहेत, याची तुम्हाला कल्पना नसेल. मलाही नव्हती. एकदा सरांना गाडीत घेऊन गेले आणि चांगलीच आली.

मी सरांच्याच कॉलेजात गणित शिकवते आणि तुकूममध्ये त्यांच्या शेजारी राहते. आमची मधली भिंत एकच आहे. सर स्थापत्य विभागातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण भिंतीपलीकडे त्यांच्या येरझारा अजून चालूच असतात. माणूस बसत म्हणून नाही. चहा उभ्याने, पेपर चालता चालता, आणि टीव्ही तर दारात उभं राहून, जणू काही पाहुणा आहे आणि लगेच निघायचं आहे. नाइलाजाने कुठे बसावं लागलंच तर उजवा गुडघा शिलाई मशीनसारखा चालू.

उरकुडे काकू होत्या तेव्हा त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगायच्या. वरोऱ्याला लग्न लागलं, जीपमध्ये नवरा-नवरी, मागे वऱ्हाडाचा ट्रक. गावाबाहेर पहिलीच मोरी आली आणि मुंडावळ्या बांधलेला नवरा जीपमधून उडी मारून खाली नाहीसा झाला. "मले वाटलं, पळाला," काकू म्हणायच्या. "बाबा रडायलेच लागले. थोड्या वेळानं हा माणूस वर आला, धोतराले चिखल, अन् मले म्हन्ते, 'काई काळजी करू नको, मजबूत आहे.' मले कुठी मोरीची काळजी होती?"

एसटीचे कंडक्टर त्यांना ओळखतात. "ओ सर, पूल आला जी," म्हणून ते स्वतःच घंटी मारतात. ड्रायव्हर तेवढ्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेतो. त्याचा खर्रा होईपर्यंत सर पलीकडे पोचलेले असतात, त्यामुळे कोणाचंच नुकसान नाही असं सरांचं म्हणणं.

फक्त एकदा सर पूल न ओलांडता परत आले. मोहर्लीच्या रस्त्यावर मी, आमचे हे आणि सर असे चाललो होतो. मोरी आली, सर खाली उतरले, वाकले आणि तसेच सरळ होऊन, पाठ न फिरवता, उलट पावली चढाव चढून गाडीत येऊन बसले. काच वर केली. मग हळू आवाजात म्हणाले, "चला. आत वाघ झोपून राह्यला." आमच्या ह्यांनी गाडी अशी काही काढली की माझा चष्मा मागच्या सीटवर गेला. बऱ्याच अंतरावर गेल्यावर सर म्हणाले, "स्लॅब मात्र कोरडी आहे."

त्यांचं एक वाक्य साऱ्या कॉलेजला पाठ आहे. "वरून तं सगळंच चांगलं दिसते. खालून पाह्यलं का?" हे वाक्य त्यांनी पुलासाठी वापरलं तर ठीक. सर ते पंगतीतल्या टेबलाला, हॉटेलच्या वड्याला आणि माणसांनाही लावतात. माझ्या भाचीला घुग्घुसचं स्थळ आलं होतं. मुलगा देखणा, सिमेंट कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर, घर दुमजली. मी कौतुकाने फोटो दाखवला तर सर म्हणाले, "म्याडम, खालून पाह्यलं का?" आणि दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून घुग्घुसला गेले. मुलाच्या घरासमोर ट्रकवाल्यांची चहाची टपरी आहे, तिथे उभे राहिले. संध्याकाळी परत आले तेव्हा कोळशाच्या धुळीने भुवयासुद्धा काळ्या झालेल्या. निकाल दिला, "पोरगं बरं आहे. आईशी बोलताना आवाज खाली येते. भार घेईल." भाची आज सुखात आहे. तिच्या सासऱ्यांना मात्र अजून कळलेलं नाही की दिवसभर टपरीवर उभा राहून घराकडे एकटक बघणारा तो म्हातारा कोण होता.

निवृत्तीच्या सत्काराला त्यांना मंचावर मधल्या खुर्चीत बसवलं. गळ्यात हार, शेजारी प्रमुख पाहुणे. गुडघा चालू. पाहुणे बोलायला उठले तसे सरही उठले, मागून उतरले, कापडी झालर उचलून मंचाखाली शिरले आणि बाहेर येऊन पाहुण्यांना म्हणाले, "साहेब, खाली या. मंचाले टेकू कमी आहे." पाहुणे घाबरून उतरले आणि सरांचा गौरव जमिनीवरून झाला. मंच काही कोसळला नाही. नंतर मी डिवचलं तर म्हणाले, "कोसळेल कसा? भार काढून घेतला न."

नागपूरला इंजिनीअर झाल्यावर सरांना आधी सरकारी नोकरी लागली होती. ती काही महिन्यांतच सोडली. कारण विचारलं की सांगतात, "बसून राहा लागे." मग शिकवायला आले आणि निवृत्तीपर्यंत त्यांची विभागातली खुर्ची नवीकोरी राहिली.

पण सर म्हणजे खरं तर त्यांचे हिवाळी कॅम्प. दर हिवाळ्यात शेवटच्या वर्षाच्या मुलांना घेऊन ते गडचिरोलीच्या जंगलात जायचे. बाकीचे प्राध्यापक कॉलेजच्या मागच्या मैदानात दोन खुंट्या ठोकून मुलांना मोजणी शिकवत. सरांना खरा नाला लागायचा, पावसाळ्यात गावाची वाट अडवणारा. गावात मुक्काम करायचा, नाला मोजायचा, पुराचं पाणी कुठवर चढतं ते लोकांना विचारायचं, आणि परत येऊन त्या नाल्यावरचा पूल कागदावर पूर्ण उभा करायचा. पायापासून कठड्यापर्यंत. मुलं पास होऊन जात, पूल कागदावर राही. सर त्याची एक प्रत नेमाने सरकारी कचेरीत देऊन येत, तिथून 'विचाराधीन' असं उत्तर येई, आणि मूळ नकाशा गुंडाळून पत्र्याच्या नळीत, नळी कॉलेजच्या जिन्याखालच्या खोलीत. वर्षांमागून वर्षं त्या खोलीत पूल साठत गेले.

या नकाशांमध्ये एक गंमत होती. उंची मोजताना कुठली तरी एक पक्की जागा धरावी लागते. तिला शंभर मानायचं आणि बाकीची सगळी उंच-सखल जमीन तिच्याशी ताडून बघायची. इंजिनीअर लोक त्यासाठी मैलाचा दगड धरतात, नाहीतर एखाद्या इमारतीचं जोतं. सर धरायचे कुणाच्या तरी दारातली पायरी. "झाड पडते. दगड लोकं उचलून नेते. दारातली पायरी कोणी हलवत नाई." त्या पायरीवर लाल रंगाने बाण काढायचा आणि नकाशाच्या कोपऱ्यात घरमालकाचं नाव लिहायचं. एका वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नकाशा बघून एका पोराला विचारलं, "ही सायत्राबाई मेश्राम कोण?" पोराने छाती काढून उत्तर दिलं, "सर, शंभर."

तर हे सगळं जिन्याखाली सुखाने चाललं होतं. मागच्या वर्षी कॉलेजला नवे प्राचार्य आले. माणूस चांगला, पण तरुण. त्यांना त्या खोलीत एआय लॅब काढायची होती. त्यांनी सरांना आदराने बोलावलं, चहा मागवला, खुर्ची दिली. सर उभे राहिले. मी तिथेच होते.

"सर, आपण सगळे नकाशे स्कॅन करून घेऊ," प्राचार्य म्हणाले. "एका पेन ड्राइव्हमध्ये मावतील."

"अन् पूल?"

"पूल कुठे आहेत, सर?"

प्राचार्यांनी हे अगदी सरळ मनाने विचारलं होतं. पण सर हातातला चहा तसाच ठेवून निघून गेले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, त्यांनी चहा अर्धवट टाकलेला तोवर पाहिला नव्हता. मला प्राचार्यांचा राग आला आणि त्यांचं काय चुकलं ते सांगताही येईना.

आठवड्याभरात नळ्या सरांच्या घरी आल्या. भिंतीपलीकडून धाडधूड ऐकून मी बघायला गेले तर सोफ्यावर नळ्या, पलंगाखाली नळ्या, फ्रीजवर, न्हाणीत, काकूंच्या फोटोच्या दोन्ही बाजूंना तोफांसारख्या नळ्या. काकू असत्या तर सरांना नळ्यांसकट बाहेर काढलं असतं. आता बोलणारं कोणी नव्हतं. मुलगी बंगळूरला, ती फोनवर बोलते, पण फोनवरून नळ्या दिसत नाहीत.

"सर, बसायला जागा ठेवली नाहीत," मी म्हटलं.

"बसायचं कशाले?" असं म्हणून ते नळ्यांमधून वाट काढत येरझारा घालत राहिले. मग एकदम थांबले. "म्याडम, ज्याची पायरी त्याचा नकाशा. देऊन टाकतो."

सरांची स्कूटर जंगलात चालण्यासारखी राहिलेली नाही आणि मी वेडी आहे, म्हणून दर रविवारी माझी गाडी निघू लागली. मागच्या सीटवर नळ्या, पुढे सर आणि त्यांचा गुडघा, आणि पूल आला की ब्रेक. आमचे हे म्हणाले, "तुझ्या गाडीला आता गिअर दोनच लागतात." पण मला मजा येऊ लागली होती. एका गावातल्या सरपंचाने नकाशा प्लास्टिकमध्ये मढवून ग्रामपंचायतीत लावला. एका घरात आजोबांनी तो उलटा टांगला, त्यामुळे नाला डोंगर चढू लागला. सरांनी तो सरळ केला आणि वर, ही भिंत ओळंब्यात नाही, असं आजोबांना ऐकवून आले. सगळीकडे चहा, सगळीकडे "बसा न सर", आणि सर उभे. फक्त एक प्रश्न आला की सरांना नेमकं दुसरीकडे बघण्यासारखं काहीतरी सापडायचं. "मंग पूल कधी होते जी?" असं कोणी विचारलं की सर छपराकडे बघायचे, नाहीतर विहिरीत.

असं करता करता एकच नळी उरली. सगळ्यात जुनी, गंजलेली. कोसमटोल्याची. पुढच्या रविवारी सरांचं पोट बिघडलं. त्याच्या पुढच्या रविवारी पाठ धरली. तिसऱ्या रविवारी त्यांनी सांगितलं की आज वारा फार आहे. गणितात इतका सरळ नमुना दिसला की आम्ही सूत्र मांडतो. मी चौकशी केली. सरांचा एक जुना विद्यार्थी त्या भागात इंजिनीअर आहे, त्याला फोन लावला.

"कोसमटोला? तिथी तं पूल झाला न म्याडम," तो म्हणाला. "याच उन्हाळ्यात. सरांचा नकाशा नाई वापरला, आमच्या ऑफिसाचं वेगळं डिझाइन. जागा पन थोडी वर घेतली. सरांले माहीत आहे, मीच कळवलं होतं."

अस्सं, म्हटलं. म्हातारा रुसला आहे. आपला पूल सोडून दुसऱ्याचा बांधला म्हणून. मला हसू आलं आणि चिडवायची खुमखुमीही आली. चौथ्या रविवारी सकाळीच गेले. सर स्वयंपाकघरात उभ्याने चहा पीत होते.

"सर, दुसऱ्याचा पूल बघवत नाही वाटतं?"

सरांनी कप इतक्या जोरात ठेवला की बशी तडकली. "मले काय समजता तुम्ही? पूल कोनाचाही असो, झाला न! लोकं कोरड्या पायानं जाते न!" मग ते ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत चालायला लागले आणि चालता चालताच बोलले. सरांना एका जागी उभं राहून स्वतःबद्दल बोलता आलं नसतं.

कोसमटोला हा त्यांचा पहिला कॅम्प. ढिवरांची वस्ती, थोडी धानाची शेती आणि बाकी सगळं पोट गावतळ्यातल्या मासळीवर. तळ्याचा त्यांचा नेम असा, की उन्हाळ्यात पाणी उतरलं की साऱ्या गावाने मिळून एकदाच जाळं टाकायचं आणि वाटे पाडायचे. त्याआधी तळ्याला कोणी हात लावायचा नाही. सर तिथे भर हिवाळ्यात पोरं घेऊन गेले. दुर्बीण, पट्ट्या, लाल-पांढरे बांबू असं सामान बघून साऱ्या गावाने काम सोडून झुडपं तोडली, नाल्यात उभं राहून पट्ट्या धरल्या. सायत्राबाईच्या दारातली पायरी शंभर ठरली. आणि शेवटच्या दिवशी गावाने तळ्यात जाळं टाकलं. मोसम नसताना. या पाहुण्यांसाठी.

"त्यायले वाटलं, पूल मंजूर झाला," सर म्हणाले. "अन् आमचं तं प्रॅक्टिकल होतं, म्याडम. पोरांले मार्क भेटाचे होते. जेवता जेवता एक म्हातारा म्हन्ते, 'आता पुढच्या पावसात पोरीले माहेरी आनता येईल.' तेव्हा मले समजलं. तेव्हाच सांगाले पाह्यजे होतं. नाई सांगितलं. अन् मासळी दोनदा वाढून घेतली." ते दाराशी थांबले. "तवापासून दरवर्षी जातो. दिवाळी झाली, नाल्याचं पानी उतरलं की जातो. सायत्राबाईच्या पायरीवर बसतो, 'यंदा बी नाई झालं, बाई,' म्हन्तो, पानी पितो, येतो."

"बसता?" मी विचारलं. एवढ्या सगळ्यातून माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

"आता पूल झाला. आता काय सांगाले जाऊ? आता कोन्या तोंडानं त्या पायरीवर बसू?"

इतकी वर्षं ज्याला मी निव्वळ खोड समजत होते त्यात आणखी काय होतं, हे मला तेव्हा कळलं. हा माणूस एका जेवणाच्या ओझ्याखाली साऱ्या जिल्ह्यात फिरत होता. आणि दुसरंही कळलं, ते जास्त लागलं. काकू गेल्या, मुलगी लांब, कॉलेज सुटलं, खोली गेली. वर्षातून एकदा कुठेतरी जायचंच, असं त्यांना एकच दार उरलं होतं आणि ते आपल्याला बंद झालं असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सरांसमोर रडून चालत नाही, ते छताला ओल आली का बघायला लागतात. म्हणून मी भांडले.

"सर, हे सगळं तुम्ही वरूनच ठरवलंत. त्या लोकांना काय वाटतं ते विचारलंत कधी? खालून पाह्यलं का?"

सरांचं वाक्य सरांनाच कोणी लावेल असं त्यांना वाटलं नसावं. मी काकूंच्या फोटोखालून गंजकी नळी उचलली, गाडीत ठेवली आणि हॉर्न वाजवत बसले. साऱ्या गल्लीने खिडक्या उघडल्यावर सर आले.

आष्टीपर्यंत सर प्रत्येक मोरीला उतरले. पुढे जंगल दाट झालं, रस्ता लाल मातीचा झाला, आणि एका वळणानंतर समोर तो पूल आला. पांढरे कठडे, त्यांवर पिवळे-काळे पट्टे, अजून चुन्याचा वास. मी सवयीने ब्रेक लावला, हँडब्रेक ओढला आणि पर्समधला मोबाइल काढला. सर उतरेनात.

"सर, पूल आला."

"दिसते मले. चला न म्याडम."

"खालून नाही बघायचं?"

"येताना पाहू," सर म्हणाले आणि समोरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसले. मी गाडी घातली. खाली नाल्यात पाणी होतं, गुडघाभर असेल. सरांनी डोळे मिटून घेतले होते. पूल संपला तेव्हा मी म्हटलं, "झाला," आणि त्यांनी उघडले.

सायत्राबाईच्या जुन्या घराच्या जागी घरकुल योजनेतलं घर उभं होतं. पिवळा रंग, पत्र्याचं दार, गुळगुळीत फरशी. सर गाडीतून उतरले आणि रस्त्यातच थांबले. त्यांची नजर खाली होती. त्या नव्याकोऱ्या दारात एक काळा, ओबडधोबड दगड बसवलेला होता. फरशीपेक्षा वीतभर वर आलेला, थोडा तिरपा, येणाऱ्याजाणाऱ्याला हमखास ठेच लागेल असा. आणि त्यावर शेंदराने नीट गिरवलेला बाण.

सायत्राबाई आतून आली. वाळकी, ताठ, पदर खोचलेला. नमस्कार नाही, काही नाही, एकदम तोफ सुटली.

"काऊन जी सर? दिवाळी होऊन किती दिस झाले? पूल झाला तं येनं बंद? नाल्यात पानी होतं तवा पँट वर करून येत होते, अन् आता गाडी दारापर्यंत येते तं पाय दुखून राह्यले का?"

"बाई, ही पायरी..." सरांनी दगडाकडे बोट दाखवलं.

"मिस्त्री म्हने, आजी, हा दगड काढा, फरशीच्या लेव्हलात येत नाई. मी म्हटलं, तुही लेव्हल तुह्यापाशी ठेव. सराची शंभर आहे ते. सर आले अन् मोजाले लागले तं कुठून मोजन?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाण दरसाल मीच रंगवतो, बाई. शेंदूर लावला का कोनी हात लावत नाई. सुनेले दोनदा ठेच लागली, पन ठेवला."

सरांनी नळी पुढे केली. "बाई, हा तुमचा पूल."

"बांधला तो?"

"नाई, हा दुसरा. आमचा. कागदावरचा."

सायत्राबाईने नळी हातात तोलून पाहिली. "द्या. ठेवतो. तो पडला तं कामी येईन." मी मोठ्याने हसले. सर हसले नाहीत. त्यांनी सगळा धीर गोळा केला होता आणि तो संपायच्या आत त्यांना बोलायचं होतं.

"बाई, तेव्हा तुम्ही आमच्यासाठी तळ्यात जाळं टाकलं. मोसम नव्हता. पुलासाठी टाकलं. अन् आमच्यापाशी पूल नव्हता. आम्ही शिकाले आलो होतो फक्त. मी तेव्हा सांगितलं नाई."

"पुलासाठी?" सायत्राबाईने कपाळाला हात लावला. "अवो, पुलासाठी कोन टाकते जाळं? तुमचे पोरं उपाशी दिसून राह्यले होते जी! शहरातले नाजूक पोरं, तीन दिस आंबिल पिऊन तोंडं उतरली होती. माहा मालक म्हने, पाहुने असे वापस जाईन तं गावाची काय इज्जत? म्हून टाकलं. पुलाचं काय, कोनी ना कोनी बांधलाच असता."

इतकी वर्षं दरवर्षी पाण्यात उतरून सर जे फेडायला येत होते, ते तिथे कोणी मांडलेलंच नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस बसून रडेल नाहीतर धावत सुटेल. त्यांचा गुडघा उभ्या उभ्याच चालू झाला होता.

"मंग मी दरवर्षी 'नाई झालं' म्हून सांगाले येत होतो, तवा तुमाले काय वाटे?"

"काई नाई. सर आले, असं वाटे."

"आता तं सांगाले बी काई उरलं नाई, बाई," सर म्हणाले.

"तं नका सांगू. बसा."

आणि सर बसले. त्या तिरप्या दगडावर, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब सोडून. आतून सुनेने पाण्याचा लोटा आणला. सायत्राबाईने तळ्याकडे तोंड करून कोणाला तरी हाक मारली, जाळं घेऊन जायला सांगितलं.

"बाई, आता मोसम नाई!" सर ओरडले.

"तळं आमचं हाय. मोसम बी आमचाच," ती आत जाता जाता म्हणाली.

मी गाडीच्या बॉनेटला टेकून उभी होते. सर पायरीवर बसून पाणी पीत होते, सावकाश. मी मुद्दाम त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. तो चालत नव्हता.

मासळी सरांनी दोनदा वाढून घेतली. निघालो तेव्हा उन्हं कलली होती. पुलापाशी मी गाडी थांबवली आणि आठवण करून दिली, "सर, येताना बघायचं होतं. खालून."

सरांनी खिडकीतून एकदा पुलाकडे पाहिलं आणि एकदा मागे, गावाच्या दिशेने.

"पुढच्या साली पाहू, म्याडम," ते म्हणाले. "येनं तं आहेच."